पुरंदरावरचे मूल

या आठवड्यात एका मराठी वाहिनीवरील कौटुंबिक हास्यमालिकेच्या भागाने मला जो संताप आणला, त्याचे कारण त्यात प्रौढांच्या जुन्या प्रेमाची कथा होती हे नव्हे. अशा प्रेमाविषयी या स्तंभात मी सदैव ममत्वानेच लिहीत आलो आहे, आणि प्रशांत दळवी यांच्या ‘चारचौघी’ या नाटकाचा 2022 साली पुन्हा प्रयोग सुरू झाला तेव्हा मी काय म्हटले होते, ते नियमित वाचकांच्या स्मरणात असेल. संताप आला तो निराळ्याच गोष्टीचा. निवृत्त गृहस्थाच्या घरी त्याची महाविद्यालयातील प्रेयसी आपल्या तरुण मुलाला घेऊन येते, मुलाचे नाक यजमानाच्या नाकावर गेले आहे असा शोध घरातील मंडळींना लागतो, स्वयंपाकघरात बोटांवर महिन्यांचा हिशेब सुरू होतो, आणि हे सर्व चालू असता तो मुलगा पोह्यांची बशी हातात धरून दिवाणखान्यात बसलेला असतो. त्याच्यादेखत त्याच्या कानांची, हनुवटीची, भुवयांची तपासणी होते आणि प्रत्येक तपासणीच्या शेवटी ते आगाऊ मुद्रित केलेले हास्य ऐकू येते, ज्याच्याविरुद्ध मी वर्षानुवर्षे लिहीत आहे आणि लिहीत राहणार आहे. मुलाशी अख्ख्या भागात एकही मनुष्य सरळ बोलत नाही.

माझे जुने मत असे की, ज्याने बखरी वाचल्या नाहीत त्याने मराठी घरातील भांडणावर लिहू नये. हे मत पुष्कळांना हटवादीपणाचे वाटते. परंतु ही मालिका लिहिणाऱ्यांनी पेशवाईची अखेरची पंचेचाळीस वर्षे लक्षपूर्वक वाचली असती, तर एखाद्याच्या जन्माविषयीची शंका मुळात कोण काढतो आणि कशासाठी काढतो, हे त्यांना निश्चित उमगले असते.

30 ऑगस्ट 1773 रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला तेव्हा त्यांच्या पत्नी गंगाबाई गरोदर होत्या. पेशवाईची वस्त्रे त्यांचे चुलते राघोबादादा यांनी घेतली. नाना फडणवीस, सखारामबापू बोकील, हरिपंत फडके आदी कारभाऱ्यांनी, ज्यांना आपण बारभाई म्हणतो त्यांनी, गंगाबाईंना पुरंदर किल्ल्यावर नेऊन ठेवले. आणि 18 एप्रिल 1774 रोजी तेथे मुलगा झाला, ज्याच्या नावे चाळिसाव्या दिवशी पेशवाईची वस्त्रे आली. आता शंका कोठून निघाली ते पाहावे. ती गंगाबाईंच्या माहेरातून निघाली नाही, किल्ल्यावरच्या सुईणींनी काढली नाही, रयतेच्या तर मनातही नव्हती. ती निघाली दादांच्या गोटातून, म्हणजे हे मूल खरे ठरल्यास ज्यांचा मसनदीवरील हक्क बुडत होता त्यांच्याकडून. गंगाबाईंबरोबर आणखी गरोदर ब्राह्मण स्त्रिया गडावर नेल्या होत्या, त्या मुलांची अदलाबदल करण्यासाठीच, अशी वदंता उठविण्यात आली. पुढे त्या अभागी विधवेच्या चारित्र्याविषयीही कुजबुज झाली, आणि ग्रँट डफसारख्या इतिहासकाराने ती आपल्या ग्रंथात उतरवून घेतली. मार्च 1775 मध्ये सुरतेच्या तहाने दादांनी साष्टी आणि वसई इंग्रजांना देऊ केली ती आपणच खरे पेशवे आहोत या दाव्यावर, आणि त्या दाव्याच्या मुळाशी पाळण्यातील एका मुलाचा जन्म नाकारणे होते. त्यातून पेटलेले युद्ध 1782 च्या सालबाईच्या तहापर्यंत विझले नाही.

नारायणरावांच्या खुनापासून या मुलाच्या, म्हणजे सवाई माधवरावांच्या, जन्मापर्यंतचे दिवस मी मोजले. ते दोनशे एकतीस भरतात. या घटनेनंतर अठ्ठ्याण्णव वर्षांनी, 1872 च्या पुरावा कायद्याच्या कलम 112 ने असे ठरविले की, विवाहसंबंध संपुष्टात आल्यानंतर आई अविवाहित असताना दोनशे ऐंशी दिवसांच्या आत जन्मलेले मूल पतीचेच मानावे. म्हणजे इंग्रजांनीच पुढे केलेल्या कायद्याने इंग्रजांच्याच आश्रिताचा आक्षेप पहिल्या सुनावणीस फेटाळला गेला असता.

परंतु या प्रकरणातील मर्म याच्याही पुढे आहे, आणि आमच्या विंचुरातून येवल्यावरून कोपरगावला जाताना दादांच्या वाड्याची आठवण झाली की ते मला प्रत्येक वेळी नव्याने बोचते. डिसेंबर 1783 मध्ये राघोबादादा वारले, तेव्हा त्यांच्या पत्नी आनंदीबाईही गरोदर होत्या, आणि पुत्र चिमाजीअप्पांचा जन्म बापाच्या मृत्यूनंतर 1784 साली झाला. दुसऱ्याच्या पितृहीन अर्भकावर ज्याने किटाळ आणले, त्याच्या स्वतःच्या मुलाला बापाचे मुख दिसले नाही. आणि पुण्यातील दरबाराने, ज्याला सूड उगविण्याची पुरेपूर संधी होती, या मुलाच्या जन्माचा बभ्रा केला नाही. उलट 1795 मध्ये सवाई माधवराव निपुत्रिक वारल्यावर, दुसऱ्याच वर्षी, त्यांच्या विधवा पत्नी यशोदाबाईंच्या मांडीवर हेच चिमाजीअप्पा दत्तक देण्यात आले, म्हणजे नात्याने जो चुलता तो पुत्र झाला, आणि काही काळ पेशवाही झाला. कारभाऱ्यांना गरज पडली तेव्हा रक्ताचा आग्रह कोणी धरला नाही.

हास्यमालिकेतील घरातही शंका हक्कापोटीच निघते, फक्त तेथे मसनदीऐवजी एक सदनिका आहे. मुलाच्या नाकाची चिकित्सा सर्वांत मोठ्या आवाजात करतो तो यजमानाचा जावई, ज्याच्या सदनिकेवरील आशेला वाटेकरी निर्माण होण्याचा संभव आहे. लेखकाला हे सूत्र हाती लागले होते. ते त्याने सोडून दिले आणि हसण्याचे ओझे त्या मुलावर व त्याच्या आईवर टाकले, हा माझा आक्षेप आहे.

‘मग सत्य शोधूच नये काय?’ असे कोणी विचारील. शोधावे; पण मुलाला हवे असेल तेव्हा. राजकारणी नारायणदत्त तिवारी यांच्याविरुद्ध त्यांच्या पुत्रानेच पितृत्वाचा दावा लावला, 2012 साली रक्तचाचणीचा अहवाल उघडला गेला, आणि त्या पुत्राच्या जिद्दीबद्दल मला आदरच वाटतो. पुण्यातील एका दाम्पत्याच्या घटस्फोटाच्या खटल्यात मात्र पत्नीचा व्यभिचार शाबीत करण्यासाठी पतीने मुलाची चाचणी मागितली, कुटुंब न्यायालयाने व उच्च न्यायालयाने ती मान्य केली, आणि फेब्रुवारी 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली, कारण आईबापांच्या तंट्यात पक्षकारच नसलेल्या मुलाच्या औरसतेचा बळी देता येणार नाही. त्याच न्यायालयाने 2014 मध्ये महाराष्ट्रातील दुसऱ्या एका प्रकरणात कायद्याच्या गृहीतकापेक्षा शास्त्रीय पुराव्याला अधिक मान दिला होता, हे मी दडवीत नाही. तथापि दोहोंपैकी मला पुण्याच्या खटल्यातील निर्णय अधिक माणुसकीचा वाटतो.

ही माणुसकी आपल्याकडे जुनीच आहे. छांदोग्य उपनिषदातील जबाला आपल्या मुलाला, तुझे गोत्र मला ठाऊक नाही, असे स्पष्ट सांगते. तो ते जसेच्या तसे गुरूपुढे बोलतो, आणि त्या खरेपणावरच हारिद्रुमत गौतम त्याला पदरी घेतात. तो आईच्या नावाने सत्यकाम जाबाल झाला. महाराष्ट्र सरकारनेही 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत बापाच्या आधी आईचे नाव लिहिणे आवश्यक केले आहे.

मालिकेच्या पुढील भागात पितृत्वाच्या चाचणीचा लिफाफा उघडणार अशी जाहिरात चालू आहे. ज्यांना माझे म्हणणे पटत असेल त्यांनी वाहिनीला एक पत्र टाकावे, आणि त्यात एवढीच मागणी करावी: लिफाफा उघडायचा की नाही, हे त्या मुलाला विचारा.