बाळंतपणाचा विमा : सातव्या महिन्यात नव्हे, आधीच विचारा

मैत्रिणींनो, घरात पाळणा हलणार अशी चाहूल लागली की सगळ्यांना सगळे आठवू लागते. डिंकाचे लाडू कोण करणार, दुपटी जुन्या मऊ साड्यांची शिवायची की विकत आणायची, नाव कोणी ठेवायचे. एक गोष्ट मात्र नेमकी सातव्या महिन्यात आठवते : "अहो, आपला काही विमा आहे का?" मग यजमान धावतपळत एजंटाला गाठतात.

एजंट प्रामाणिक असला तर तो एवढेच सांगेल की, वहिनी, या खेपेला उशीर झाला. आपण स्वतः घेतो त्या बऱ्याचशा आरोग्य पॉलिसींत बाळंतपणाचा खर्च धरलेलाच नसतो, सिझेरियनचासुद्धा नाही. गर्भ नळीत राहिला तर त्या उपचारांना मात्र ही बंदी लागू नाही. ज्या पॉलिसीत बाळंतपण असते तिथेही आधी थांबावे लागते, कुठे नऊ महिने, कुठे दोन ते चार वर्षे. म्हणून स्वतःची पॉलिसी घ्यायची तर लग्नानंतर लगेच, पाळणा लांबवायचे ठरवले असेल तेव्हाच घ्यावी. पाहुण्यांसमोर हा विषय काढायला नव्या सुनेला संकोच वाटतो हे मला कळते. तेव्हा नवऱ्याशी एकांतात बोला, पण बोला.

कोणी शहाणा सल्ला देईल, "फॉर्मवर दिवस गेल्याचे लिहू नका, कोण बघतंय?" मुळीच ऐकू नका. शेवटच्या पाळीची तारीख दवाखान्याच्या प्रत्येक कागदावर असते, सोनोग्राफीच्या रिपोर्टावरही असते. दावा तर नाकारला जाईलच, वर पॉलिसीही रद्द होऊ शकते.

मग आधीच दिवस गेले असतील तर? तर नवे शोधण्यापेक्षा घरात काय पडून आहे ते बघा. यजमानांच्या ऑफिसने कर्मचाऱ्यांसाठी गटविमा घेतला आहे का? पुष्कळ गटविम्यांत बाळंतपणाला पहिल्या दिवसापासून संरक्षण असते. पुरुषमंडळींना हे बहुधा ठाऊकच नसते. ते कार्ड पाकिटात ठेवतात आणि विसरतात! तुम्ही स्वतः नोकरी करत असाल तर तुमच्याही ऑफिसात विचारा. विचारताना चार गोष्टी स्पष्ट करून घ्या. पत्नीचे नाव घातले आहे का, कारण लग्नानंतर ते कळवावे लागते आणि ते राहून जाते. बाळंतपणाची मर्यादा किती, कारण विमा पाच लाखांचा असला तरी बाळंतपणापुरती रक्कम त्याहून बरीच कमी असते. तपासण्या आणि सोनोग्राफीचे पैसे मिळतात का. आणि बाळाला जन्मल्यापासून संरक्षण आहे का. बाळाला काचेच्या पेटीत ठेवावे लागले तर तो खर्च आईच्या खर्चाहून जास्त होऊ शकतो.

यजमानांच्या पगारातून ईएसआयची कपात होत असेल (पगार दरमहा २१,००० रुपयांपर्यंत असणाऱ्यांची होते), तर त्यांच्या पत्नीचे बाळंतपण ईएसआयच्या दवाखान्यात होऊ शकते. आणि यातले काहीच नसले तरी सरकारी रुग्णालय आहे. तिथे २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली बाळंतपण, सिझेरियन, औषधे, तपासण्या आणि लागल्यास रक्त, सारे विनामूल्य आहे. साध्या बाळंतपणात तीन दिवस आणि सिझेरियनमध्ये सात दिवसांपर्यंत जेवणही मिळते, घरी सोडायला गाडीही. नाके मुरडणाऱ्यांना मुरडू द्या. याखेरीज अटींत बसत असाल तर प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये मिळतात, दुसरी मुलगी झाली तर ६,०००. अंगणवाडीताईंकडे लवकर नाव नोंदवा.

आता आपल्याकडची खरी अडचण. पहिले बाळंतपण माहेरी. विमा नवऱ्याच्या ऑफिसचा, दवाखाना वडिलांच्या गावचा. कार्ड पुण्यात कपाटात आणि मुलगी लातूरला. वडील आपल्या पेन्शनमधून बिल भरतात, जावयाकडे पैशाचा विषय काढायचा नाही म्हणून गप्प बसतात, आणि विम्याचे पैसे कोणीच मागत नाही. हे मला अजिबात पटत नाही. रीत माहेरपणाची आहे, हक्काचे पैसे सोडून देण्याची नव्हे. माहेरी निघण्यापूर्वीच त्या गावातला कोणता दवाखाना विमा कंपनीच्या यादीत आहे ते यजमानांना विचारायला लावा. तिथे बिल कंपनी परस्पर भागवते. यादीत एकही नसला तर आधी आपण भरायचे आणि मग मागायचे. त्यासाठी मूळ बिले, पावत्या, डिस्चार्ज कार्ड, सगळे जपून ठेवा, आणि किती दिवसांत कळवायचे ते आधीच विचारा. पैसे आले की ते वडिलांच्या हाती द्यावेत, हे यजमानांना सांगायला लाजू नका.

आणखी एक, बारीकशी दिसणारी गोष्ट. आधार कार्डावर माहेरचे नाव, पॉलिसीत सासरचे, आणि माहेरच्या ओळखीच्या डॉक्टरीणबाईंनी केसपेपरवर लाडाचे नाव लिहिलेले. अशा तीन नावांवरून दावे अडकतात. दवाखान्यात नाव नोंदवतानाच पॉलिसीतले नाव जसेच्या तसे लिहून घ्या.