बचत कोणी करायची?

मुंबईच्या गेटवेपासून समुद्रमार्गे जेमतेम दहा किलोमीटरांवर असलेल्या घारापुरी बेटाला कायमची वीज मिळण्यासाठी २०१८ सालचा फेब्रुवारी उजाडावा लागला. तेथील लेण्यांना युनेस्कोने जागतिक वारशाचा मान १९८७ सालीच दिला होता. म्हणजे दगडातील शिवाची कीर्ती जगभर पोहोचल्यावरही राजबंदर, मोराबंदर आणि शेतबंदर या तीन वस्त्यांतील माणसे तीस वर्षे संध्याकाळी काही तास चालणाऱ्या डिझेल जनरेटरवरच विसंबून होती. अखेर महावितरणने समुद्रतळातून साडेसात किलोमीटर लांबीची केबल टाकली. त्याला सुमारे २५ कोटी रुपये खर्च आला. पाण्याचा मुख्य आधार मात्र आजही बेटावर साठवलेला पाऊसच आहे.

अशा बेटावर पाणी आणि वीज जपून वापरावी, हे सांगायला तज्ज्ञाची गरज नाही. प्रश्न आहे तो हा उपदेश कोणाला करायचा, याचा. अर्थशास्त्राच्या पहिल्याच धड्यात आम्ही विद्यार्थ्यांना शिकवीत आलो की, उत्पन्नातून उपभोग वजा जाता उरते ती बचत. ज्याच्या वाट्याला मुळात पुरेसे आलेच नाही, त्याने वजा काय करायचे? ज्या स्त्रीने उन्हाळ्यात हंडा डोक्यावर वाहिला, तिला थेंबाचे मोल फलक लावून शिकवणे ही निव्वळ थट्टा आहे. घरातल्या पहिल्या हंड्याची उपयुक्तता आणि पाहुण्याच्या हातून सांडणाऱ्या शेवटच्या बादलीची उपयुक्तता सारखी नसते. बचतीचे धोरण आखायचे तर ते शेवटच्या बादलीपासून आखले पाहिजे.

बेटावर दिवसभर येणारा पर्यटक संध्याकाळच्या लाँचने परत जातो. त्याने वापरलेले पाणी आणि मागे टाकलेला कचरा यांचा भार मात्र बेटावरच राहतो. लेण्यांच्या तिकिटाचे पैसे केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे जातात. ग्रामपंचायतीच्या हाती येतो तो तिने आकारलेला किरकोळ कर. खर्च एकाचा आणि उत्पन्न दुसऱ्याचे, अशी ही व्यवस्था आहे. तिकिटाच्या उत्पन्नातील ठराविक हिस्सा कायद्याने बेटाला मिळाला, तर प्रत्येक छपराचे पावसाचे पाणी टाक्यांत उतरवता येईल आणि शाळेवर व धक्क्यावर सौर तावदाने बसवता येतील. खडकात टाकी कोरून पाणी साठवण्याची विद्या लेणी घडविणाऱ्यांनाही अवगत होती.

सर्वांना स्वस्त दिले की उधळपट्टी होते, असा आक्षेप घेतला जातो. तो पूर्णतः खोटा नाही. म्हणून गरजेपुरता पहिला टप्पा स्वस्त आणि पुढचा प्रत्येक टप्पा चढत्या दराचा, असा नियम हवा. खानावळी आणि दुकाने चालविणाऱ्या गावकऱ्यांनाही तो लागू व्हावा. पाण्याचा आणि विजेचा हिशेब दरवर्षी ग्रामसभेपुढे यावा. डेन्मार्कमधील सॅम्सो बेटाची १९९७ साली अक्षय ऊर्जेच्या प्रयोगासाठी निवड झाली आणि काही वर्षांतच बेटाची विजेची गरज वाऱ्यावर भागू लागली. तेथील पवनचक्क्यांत शेतकऱ्यांची, रहिवाशांची आणि नगरपालिकेची मालकी आहे. ज्याची मालकी असते, तो आपण होऊन हिशेब ठेवतो.

हे आम्ही सालवडला बसून लिहीत आहोत. आमच्या गावाला समुद्राचा वेढा नाही. परंतु हाच न्याय, किंवा अन्याय, येथे रोज दिसतो. देशातील पहिले अणुवीज केंद्र १९६९ साली आमच्या शेजारी तारापूरला सुरू झाले. पुढे त्याच्याच विस्तारासाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावे उठली. सूर्या प्रकल्प उभा राहिला तो मुख्यतः येथल्या शेतीला पाणी देण्यासाठी. आज त्यातून वसई-विरार आणि मीरा-भाईंदरसाठी मिळून दिवसाला ४०३ दशलक्ष लिटर पाण्याची योजना आखली गेली आहे. शहरातील माणसाची तहान खोटी नाही. पण ज्यांच्या डोंगरातून हे पाणी वाहते, त्या आदिवासी पाड्यांतील बाई उन्हाळ्यात झऱ्यावर वाटीने पाणी भरत असेल, तर काटकसरीचा पहिला पाठ कोणी गिरवायचा, हे उघड आहे.

बेटाला सीमा असते आणि ती डोळ्यांना दिसते, एवढाच त्याच्यात आणि आपल्यात फरक. घारापुरीत नियम करायचा तर आधी वाटप आणि मग बचत, या क्रमाने करावा. तो तेथे जमला, तर पालघरमध्ये तो का जमत नाही, असे विचारण्याचा अधिकार आम्हाला प्राप्त होईल.