बूट नंतर घ्या, आधी रक्त तपासा



मागच्या महिन्यात आमच्या वस्तीतला एक मुलगा संध्याकाळी घरी आला. म्हणाला, "ताई, एव्हरेस्ट बेस कॅम्पला चाललोय. उंचीवर घेतात ती गोळी सांगा ना." वस्तीने वर्गणी केली होती, बूट आणि जाकीट आले होते, चौकात बॅनरही लागला होता. मी विचारले, "सिकलसेलची तपासणी झाली का रे?" तो म्हणाला, "शाळेत रक्त घेतलं होतं. रिपोर्ट काही मिळाला नाही."

हा लेख त्या न मिळालेल्या रिपोर्टसाठी लिहिते आहे.

आपली मुले हिमालयात जातात याचा मला अभिमान आहे. २०१४ साली तेलंगणाच्या समाजकल्याण निवासी शाळांतील मालावत पूर्णा आणि आनंद कुमार यांनी एव्हरेस्ट सर केले. २०१८ साली चंद्रपूर जिल्ह्यातील आदिवासी आश्रमशाळांचे विद्यार्थी शिखरावर पोहोचले. पण ती मुले वर्गणी आणि बॅनर घेऊन थेट निघाली नव्हती. त्यांच्यामागे अनेक महिन्यांचे प्रशिक्षण आणि तपासण्या होत्या.

बेस कॅम्प ५,३६४ मीटर उंचीवर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असतो, म्हणजे एका श्वासात मिळणारा ऑक्सिजनही निम्माच. विदर्भातल्या बौद्ध आणि आदिवासी कुटुंबांत सिकलसेल जास्त आढळतो. एसएस पॅटर्नच्या रुग्णाने एवढ्या उंचीवर जाऊच नये. एएस पॅटर्नचा माणूस, म्हणजे वाहक, एरवी ठणठणीत असतो. त्याला स्वतःलाही काही माहीत नसते. मात्र ऑक्सिजन कमी झाला, अंगातले पाणी कमी झाले आणि श्रम वाढले, की त्याच्याही रक्तपेशी विळ्यासारख्या वाकू शकतात आणि प्लीहेचा रक्तपुरवठा अडतो. डाव्या बरगडीखाली जोराची कळ येते. लोक तिला गॅस समजून पुढे चालत राहतात. म्हणून सांगते, सरकारी दवाखान्यात जाऊन आधी सोल्युबिलिटी आणि गरज पडल्यास इलेक्ट्रोफोरेसिस तपासणी करा. सोबत हिमोग्लोबिनही पाहा. आपल्या मुलींमध्ये ते बरेचदा कमी निघते. रिपोर्ट हातात घेऊन डॉक्टरांना भेटा.

दुसरा मुद्दा दिवसांचा. स्वस्त पॅकेजवाला पैसे वाचवतो ते दिवस कापून. तीन हजार मीटरच्या वर रोजचा मुक्काम आदल्या रात्रीपेक्षा साधारण ५०० मीटरहून जास्त उंच नसावा आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावे. म्हणून नामचे (३,४४० मीटर) आणि दिंगबोचे (४,४१० मीटर) इथे दोन-दोन रात्री हव्यातच. पैसे भरण्याआधी कुठल्या रात्री कुठे मुक्काम आहे ते लिहून मागा. देत नसेल तर त्याच्यासोबत जाऊ नका. पाच हजार मीटरच्या वरची सुटका विम्यात आहे का, तेही विचारा.

रोज धावणाऱ्यालाही विरळ हवेचा त्रास होतो. दोन-तीन महिने पाठीवर पिशवी घेऊन जिने चढा, त्याने पाय आणि दम तयार होतील; पण नागपुरात राहून शरीराला उंचीची सवय होत नाही. ती वरच, हळूहळू होते. आणि ती गोळी, म्हणजे ॲसिटाझोलामाइड, डॉक्टरांना विचारूनच घ्यायची. सल्फाची ॲलर्जी असेल तर आधी सांगायचे.

डोके दुखले, मळमळले, तर ते लपवू नका, त्या दिवशी वर चढू नका. बसल्या जागी धाप लागली, खोकला वाढला, तोल जाऊ लागला, बोलणे बरळल्यासारखे झाले, तर सकाळची वाट न पाहता खाली उतरा. एका ओळीत टाचेला बोट लावून चालता येत नसेल तर मेंदूला सूज आली असू शकते. अशा वेळी माणसाला एकटे सोडू नका. दारू आणि झोपेची गोळी वर्ज्य. फेरिचे इथे हंगामात हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचे आरोग्य केंद्र असते, ते लक्षात ठेवा. तुमचे सामान वाहणारा भरियाही मजूर आहे, त्यालाही विरळ हवा लागते. त्याच्या पाठीवर किती ओझे आहे आणि अंगावर गरम कपडे आहेत का, ते बघा.

वाटेत काठमांडूत एक-दोन दिवस मिळतात. ते शहर सुमारे १,४०० मीटरवर आहे, त्यामुळे तिथे राहून उंचीची सवय झाली असे समजू नका. तो वेळ झोपेसाठी आणि सामान तपासण्यासाठी वापरा. जाड जाकीट, स्लीपिंग बॅग ठमेलमध्ये भाड्यानेही मिळते. उकळलेले किंवा शुद्ध केलेलेच पाणी प्या, कच्ची कोशिंबीर आणि उघड्यावरचे खाणे टाळा. तिथे लागलेले जुलाब वरच्या वाटेवर अंगातले पाणी आटवतात. धुळीसाठी मास्क ठेवा. सोबत पासपोर्ट किंवा निवडणूक ओळखपत्र घ्या, आधारवर विसंबू नका. लुक्लाचे विमान हवामानामुळे अडते, म्हणून परतीला एक-दोन दिवस मोकळे ठेवा. स्वयंभू आणि बौद्धनाथ स्तूप जरूर पाहा. १९५६ च्या नोव्हेंबरमध्ये बाबासाहेब याच शहरात जागतिक बौद्ध परिषदेला आले होते. तेव्हा त्यांची प्रकृती फार खालावलेली होती.

मला खरी भीती वाटते ती बॅनरची. "वस्तीतला पहिला" असे लिहिलेल्या मुलाला अर्ध्या वाटेवरून परतणे जड जाते. वर्गणी देणाऱ्यांना काय तोंड दाखवू, या विचाराने तो डोकेदुखी लपवतो. म्हणून वर्गणी देतानाच त्याला सांगा, "बाळा, परत आलास तरी तू आमचाच." हे वाक्य कुठल्याही जाकिटापेक्षा उपयोगी आहे.

त्या मुलाचा रिपोर्ट एएस आला. आई रडली. त्याने जाणे रद्द केले नाही, तारीख पुढे ढकलली. आता डॉक्टरांचे मत घेतो आहे आणि जास्त दिवसांचा कार्यक्रम शोधतो आहे. डॉक्टर नाही म्हणाले तर जाणार नाही, असे त्याने आईला कबूल केले आहे. धाकट्या बहिणीचे रक्तही तपासायला दिले आहे.

तुमच्या घरातला रिपोर्ट कुठे आहे? आज संध्याकाळी शोधा. सापडला नाही तर उद्या सकाळी दवाखान्यात जा.