पडक्या गोठ्याचे चित्र

पडके घर छायाचित्रात फार देखणे दिसते. नव्या सिमेंटच्या घराकडे आपण ढुंकूनही पाहत नाही. पण भिंतीचा कोपरा ढासळलेला असावा, दाराची एक फळी निखळलेली असावी, की बोट आपसूक कॅमेऱ्याच्या बटणावर जाते. असे जुने गोठे आणि धान्याच्या जागा टिपत हिंडणे हा माझा छंद आहे. यंदा या सदरात दुधनीकडच्या चित्रांविषयी चार शब्द सांगतो.

दुधनी हे अक्कलकोट तालुक्यातले, सोलापूरहून कलबुरगीकडे जाणाऱ्या रेल्वेवरचे बाजाराचे गाव. कर्नाटकाची हद्द अगदी जवळ. त्यामुळे बोलणे मराठीत सुरू होते आणि केव्हा कानडीत शिरते ते कळतही नाही. भोवती काळी जमीन, ज्वारी आणि तूर. या मुलखातला जुना गोठा म्हणजे दगडमातीच्या जाड भिंती, लाकडी खांब, त्यांवर तुळया आणि वर मातीचे सपाट छत, म्हणजे माळवद. आत दावण, गव्हाण, कोपऱ्यात शेणाने सारवलेली कणगी. माळवदाला उजेडासाठी एक वाटोळे भोक ठेवलेले असते. सकाळी नऊच्या सुमारास त्यातून उन्हाची तिरपी काठी आत उतरते आणि तिच्यात धूळ तरंगू लागते. छायाचित्रकाराला आणखी काय हवे?

पण माळवद हे माणसावाचून राहणारे छप्पर नव्हे. पावसाळ्यापूर्वी त्याच्यावर माती घालून ते चोपावे लागते, उगवलेले गवत उपटावे लागते. दोन-चार पावसाळे ही चाकरी चुकली, की पाणी झिरपते, तुळई कुजते आणि एके रात्री छप्पर खाली बसते. बैल गेले, ट्रॅक्टर आला. मग रिकाम्या दावणीसाठी माती कोणी वाहायची? आपण ज्याला काळाचा घाला म्हणतो, तो पुष्कळदा इतका साधा हिशेब असतो.

त्यात 30 सप्टेंबर 1993 ची पहाट. किल्लारीच्या भूकंपात लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत अशाच जाड भिंती आणि जड माळवदे झोपलेल्या माणसांवर कोसळली. हजारो जीव गेले. त्यानंतर कोणी पत्र्याचे हलके छप्पर पत्करले, तर त्याला सौंदर्यदृष्टी नाही म्हणण्याचा अधिकार शहरातून आलेल्या पाहुण्याला कोणी दिला?

दुधनीजवळच्या एका अशाच गोठ्यात मी कॅमेरा लावून बसलो होतो, तेव्हा घरच्या आजी काठी टेकीत आल्या. थोडा वेळ त्यांनी माझी खटपट पाहिली.

"भिताडाचा फोटू घेऊन काय करताव?"

"आजी, फार सुंदर आहे हो."

"हितं दरसाली सारवून माझी कंबर गेली. सुंदर व्हय!" असे म्हणून त्या हसल्या, आणि मग काठीने जमिनीवर एक वर्तुळ काढून म्हणाल्या, "हितं पेव हुतं. त्याचा फोटू घ्या."

तिथे तर नुसती सपाट जमीन होती!

पेव म्हणजे जमिनीखालचे धान्याचे कोठार. कानडीत त्याला हगेव म्हणतात. तोंड अरुंद, पोट मोठे. आत तळाला नि बाजूंना कडबा लावायचा, ज्वारी भरायची, तोंडावर दगड ठेवून मातीने लिंपायचे. कोंडलेल्या जागेतला प्राणवायू सरतो, किडे मरतात आणि धान्य टिकते. म्हणूनच पेव उघडल्यावर लगेच कोणी उतरत नसे. जळता दिवा आधी आत सोडायचा, विझला तर थांबायचे. याच जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याला दामाजीपंतांनी दुष्काळात सरकारी कोठारे लुटवली, ही कथा आपल्याला पाठ आहे. धान्य साठवणे आणि वेळेला ते उघडणे, या दोन्ही गोष्टींना या मुलखात केवढी किंमत होती, ते त्या कथेत आहे. आज तूर थेट बाजार समितीत जाते आणि घरी दुकानातली पिशवी येते. "क्लासांचे पेव फुटले" असे आपण शहरात सहज बोलतो. पेव पाहिलेला माणूस मात्र शोधावा लागतो.

आजी बोलत होत्या आणि मी लिहून घेत होतो. पॅरिसमध्ये युजेन आत्झे नावाच्या छायाचित्रकाराने 1927 साली मरेपर्यंत सुमारे तीस वर्षे जुन्या गल्ल्या, दारे, जिन्यांचे कठडे टिपले. चित्राच्या पाठीवर तो ठिकाण लिहून ठेवी. त्या एका ओळीने चित्राला गाव मिळते. आपल्याकडे तर नुसत्या गावाने भागणार नाही. हे काय, त्याला काय म्हणत, ते कसे वापरत, हेही लिहायला हवे. भिंत पडल्यावर चित्र तरी उरते; पेवात दिवा का सोडायचा हे जाणणारे माणूस गेले, तर काय उरते?

तेव्हा वाचकहो, दिवाळीला गावी जाल तेव्हा पडक्या गोठ्याचे चित्र अवश्य काढा. पण सोबत घरातल्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसाला न्या, त्यांना बोलते करा आणि त्यांचे शब्द चित्राबरोबर लिहून ठेवा. त्या गोठ्याचे सौंदर्य तुम्हाला दिसेल. त्यातले कष्ट तेच सांगू शकतील. चित्रात दोन्ही हवीत.