रंग मारा, पण आधी अक्षरं भरा!

मित्रांनो, तपासणी समिती येणार म्हटलं की आपल्या वर्कशॉपमध्ये रंगकाम सुरू होतं. हिरव्या रंगाचा डबा, ब्रश आणि समोर येईल त्यावर हात! लेथ चकाचक होतो, पण क्रॉस स्लाइडच्या डायलवरच्या रेघा बुजतात. चेन पुलीवर ठोकलेला टनांचा आकडाही रंगाखाली जातो. मग फर्स्ट इयरचा एखादा विचारतो, "ही किती वजन उचलते?" आणि उत्तर मिळतं अंदाजाने. वजन डोक्यावर लटकत असताना अंदाज कसला?

माझं म्हणणं सरळ आहे. खोदलेलं अक्षर ही शोभा नाही, माहिती आहे. ते नुसतं खोल असून भागत नाही, डोळ्याला रंगाचा फरक लागतो. आजीचा पितळी डबा आठवा. चिंचेने कितीही घासला तरी नावाच्या ठिपक्यांत थोडा काळेपणा उरतो, म्हणून ते नाव आजही वाचता येतं. बिदरचे कारागीर हेच उलट करतात. जस्त-तांब्याच्या मिश्रधातूत कोरलेल्या नक्षीत चांदी बसवतात, मग बिदर किल्ल्यातली माती आणि नवसागराच्या गरम द्रावणात भांडं काळं करतात. चांदी तशीच राहते, नक्षी उठून दिसते.

आपल्याकडे यासाठी फार काही लागत नाही, फक्त क्रम पाळावा लागतो. धातू असेल तर आधी थिनरने तेल पुसा, नाहीतर रंग धरणार नाही. खाचेत इनॅमल पेंट भरा. जरा आवळला की सपाट ठोकळ्याला घट्ट गुंडाळलेल्या कापडाने वरचा रंग पुसून घ्या. सैल कापड खाचेत शिरतं आणि रंग उपसून काढतं. डायलवर पॉलिश पेपर अजिबात नको, रेघाच झिजतील. पितळी पाटी असेल तर रंग पूर्ण वाळल्यावर शेवटी क्लिअर लॅकर मारा, म्हणजे ती काळवंडणार नाही.

लाकडाचं वेगळं. कोऱ्या लाकडात रंग भरला तर तो रेषांमधून पसरतो आणि अक्षराला मिशा फुटतात! म्हणून आधी खाचेसकट सीलर, मग रंग, पूर्ण वाळल्यावर २२० आणि ३२० नंबरचा पेपर, आणि सगळ्यात शेवटी पॉलिश. मेसबाहेरचा सेक्रेटरींच्या नावांचा सागवानी बोर्ड बघा. नावं सुबक कोरलीत, पण रंग न भरताच वरून पॉलिश ओढलं. आता दोन फुटांवरून वाचता येत नाहीत.

कुणी म्हणेल, स्टिकर लावा ना! पण तेल आणि कूलंटपुढे स्टिकर किती टिकतो, हे मशीन शॉपमध्ये काम केलेल्या कुणालाही विचारा. लेझरने लाकडावर कोरलं तर अक्षर जळून आपोआप काळं पडतं, हे खरं. पण पंचने ठोकलेला आकडा आपोआप दिसत नाही.

तेव्हा स्टाफला विनंती, या वेळी रंगाचा डबा उघडण्याआधी एक शनिवार आम्हाला द्या. पांढऱ्या इनॅमलचा छोटा डबा, बारीक ब्रश आणि चार पोरं पुरेत. जुना रंग खाचांतून काढू, अक्षरं भरू. सुरुवात मात्र चेन पुलीपासून. बोर्डावरची नावं नंतर वाचली तरी चालेल, तो आकडा आधी वाचता आला पाहिजे.