वनौषधींची ओळख : थोर

शेताच्या बांधावर वा गावकुसाजवळ दिसणाऱ्या प्रत्येक काटेरी, मांसल झाडास आपण सरसकट ‘निवडुंग’ म्हणतो. वस्तुतः त्यांत दोन निराळी कुळे आहेत. चपट्या फडांचा फड्या निवडुंग मूळचा अमेरिकेतील. थोर मात्र एरंडाच्या कुळातील. आयुर्वेदात यास स्नुही म्हणतात, तर शास्त्रीय नाव युफोर्बिया नेरिइफोलिया.

थोर हे बहुवर्षायू झुडूप माणसाहून उंच वाढते. फांद्या हिरव्या व मांसल असून त्यांवरील उंचवटे पिळदार ओळींत असतात. प्रत्येक उंचवट्यावर आखूड काट्यांची एकच जोडी असते. फड्या निवडुंगाचे काटे बारीक कुसांसह झुबक्याने येतात. थोराची पाने जाड, टोकाकडे रुंद, फांद्यांच्या शेंड्यांशी एकवटलेली असतात व कोरड्या दिवसांत गळून पडतात. फूल म्हणून जे दिसते ती इवलीशी पेलेवजा रचना होय. तिच्यात एकेका पुंकेसराची अनेक नरफुले आणि मधोमध एकच मादीफूल असते. त्याच्या बीजकोशास तीन कप्पे असतात.

पान तुटताच पांढरा चीक वाहतो. मात्र चीक रुईलाही असतो; म्हणून केवळ त्यावरून निर्णय करू नये. सर्व लक्षणे एकत्र जुळली पाहिजेत. चीक पाहण्यासाठी मुद्दाम फांदी मोडण्याचेही कारण नाही.

ही ओळख महत्त्वाची, कारण हा चीक दाहक आहे. त्वचेवर फोड उठतात; डोळ्यात गेल्यास बुबुळास इजा होऊन दृष्टी अंधुक होते. चरकसंहितेने स्नुहीस अतितीक्ष्ण विरेचक मानले आहे. भगंदरावरील क्षारसूत्रातही हा चीक वापरतात. पण ते काम तज्ज्ञ वैद्यांचे. दुखरा दात, चामखीळ वा सांधे यांवर चीक लावण्याचा, किंवा पोट साफ होण्यासाठी तो घेण्याचा घरगुती प्रयोग करू नये. ज्येष्ठांची त्वचा नाजूक असते व जुलाबांनी शरीरातील पाणी झपाट्याने घटते.

चीक डोळ्यात गेल्यास डोळा चोळू नये. स्वच्छ पाण्याने निदान पंधरा-वीस मिनिटे धुवावा आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांस दाखवावे. आग काही तासांनी वाढू शकते. म्हणून प्रारंभी बरे वाटले तरी थांबू नये. झाडाचे छायाचित्र सोबत न्यावे. कुंपण छाटताना हातमोजे व डोळ्यांवर संरक्षक चष्मा अवश्य वापरावा.