बग लॉग झाला, पुढे?

मागच्या महिन्यात गावी, तेलगावला गेलो होतो. चुलतभावाचा पोरगा, तिसरीतला, एकाच बाजूने जेवत होता. काकू म्हणाली, "दाढ किडलीय. दुधाचीच हाय, पडंल आपोआप." तोंड उघडायला लावलं. सगळ्यात मागची दाढ! ती दुधाची नसते हो. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांमागे गुपचूप उगवते आणि जन्मभर पुरवायची असते. बीडला नेली तोवर उशीर झाला होता, काढावीच लागली.

शाळेत तपासणी झाली नव्हती का? झाली होती की. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे, त्यात दातांची कीडही बघतात. चिठ्ठी मिळाली होती, "पुढे दाखवा". म्हणजे आमच्या भाषेत बग लॉग झाला, असाइन कुणालाच नाही. पथकात आयुष डॉक्टर, नर्स, फार्मासिस्ट असतात. दातांचा डॉक्टर नसतो.

माझं भांडण इथंच आहे. अशी कीड वेळेत सापडली तर वर्गातल्या बाकावर भरता येते. वीज नको, ड्रिल नको, बहुतेक वेळा इंजेक्शनही नको. हातातल्या अवजाराने मऊ झालेला भाग खरवडायचा आणि ग्लास आयनोमर सिमेंट बोटाने दाबून भरायचं. १९८० च्या दशकात टांझानियात ही पद्धत सुरू झाली, १९९४ साली जागतिक आरोग्य संघटनेने उचलून धरली. २०२१ मध्ये हे सिमेंट आणि सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आले. हे दुसरं तर नुसतं लावायचं असतं, कीड बहुधा थांबते, फक्त डाग काळा पडतो. (पुण्यातल्या आयांनी नाकं मुरडावीत खुशाल.)

"म्हणजे खेड्यातल्या पोरांना स्वस्तातलं?" असं एक मित्र तावातावाने म्हणाला. मान्य, दोन दातांच्या मधल्या फटीतली कीड अशी भरली तर सिमेंट लवकर निघू शकतं. पण तुलना कोथरूडच्या क्लिनिकशी कशाला? आमच्याकडे दुखऱ्या दाढेवर मिश्री दाबतात. तंबाखूची. आठ वर्षांच्या पोराला!

आणि हे दिवाळीच्या आत व्हायला हवं. मग कोयते निघतात, पश्चिम महाराष्ट्र, कर्नाटक. उचल घेतलेली असते, थांबता येत नाही. पोरंही सोबत. पथक शाळेत वर्षातून एकदा येणार. ते जानेवारीत आलं तर नेमकी हीच पोरं वर्गात नाहीत. सापडलीच तरी चिठ्ठी घेऊन ती कुठल्या फडावर, कुठला दवाखाना शोधणार?

म्हणून तपासणी आणि भरणी एकाच दिवशी, एकाच बाकावर. पथकासोबत एक दंतवैद्य आणि त्याची पिशवी, एवढंच मागणं आहे. तेलगावात तर साखर कारखाना आहे. हंगामात तिथल्या कोप्यांवरही पोरं असतातच. एक बाक तिकडेही टाका.